भिंतीकडची हवा

कारखान्यात त्यांना सगळे ‘पाणीवाले’ म्हणायचे. सव्वीस वर्षं एकाच कूलिंग टॉवरवर काढलेला माणूस. यंत्रांतून तापून आलेलं पाणी टॉवरच्या माथ्यावरून खाली पडायचं, बाजूच्या झडपांतून शिरणारी हवा त्याला निववायची आणि ते पुन्हा यंत्रांकडे जायचं. पाणी बत्तीस अंशांवर उतरलं की पाणीवाल्यांचा जीव भांड्यात पडायचा.

त्या उन्हाळ्यात ते पस्तीसच्या खाली यायला तयारच नव्हतं. इतक्या गरम पाण्यावर रसायनं तयार करणारा रिअ‍ॅक्टर चालवता येत नाही, आणि रिअ‍ॅक्टरवर त्यांचा धाकटा भाऊ होता, कंत्राटी.

पाणीवाल्यांनी हात-पाय मारायचे तेवढे मारले. स्वतः आत उतरून पाणी फवारणारी चोंदलेली नोझल्स तारेने मोकळी केली, क्षार चढून दगड झालेल्या जाळ्या बदलून घेतल्या, पंख्याच्या पात्यांचा कोन नीट करून घेतला. पाणी दीड अंशाने उतरलं आणि साडेतेहतीसवर अडून बसलं.

मग त्यांनी थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि टॉवरभोवती फिरले. हवा पाण्याला कुठवर गार करू शकेल ते त्यावरून कळतं. तीन बाजूंना सव्वीस भरलं, चौथीला एकोणतीस. त्याच बाजूला, जेमतेम पंधरा पावलांवर, गेल्या वर्षी नव्या गोदामाची उंच भिंत उठली होती. वर सोडलेली गरम दमट हवा भिंतीशी अडून खाली वळायची आणि टॉवर ती परत आत ओढायचा.

वही घेऊन ते मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेबांनी आकडे सावकाश वाचले.

“तुमचं बरोबर आहे. पण ती भिंत मीच मंजूर केली. आता कुठल्या तोंडाने पाडायला सांगू?”

“पाडू नका साहेब. पंख्यावरचं धुराडं दोन मीटर वाढवा. हवा भिंतीवरून निघून जाईल.”

“जुना सांगाडा ते वजन पेलणार नाही. मी मागेच विचारून घेतलंय.”

म्हणजे साहेबांना आधीपासून ठाऊक होतं. पाणीवाल्यांनी वही मिटली. भांडायचं तर समोरचा निदान खोटं तरी बोलायला हवा होता.

आठवड्याभरात रिअ‍ॅक्टर बंद झाला आणि कंत्राटी माणसांना घरी बसवलं. संध्याकाळी भाऊ आला, दारातच उभा राहिला.

“दादा, पाणी तुझ्याकडेच होतं ना?”

“माझ्याकडेच.”

“मग?”

पाणीवाल्यांनी भिंतीचं सगळं सांगितलं, कागदावर काढूनही दाखवलं. भावाने मान डोलावली.

“समजलं मला. पण घरी बायकोला काय सांगू, वाफ परत येते म्हणून?”

पाणीवाल्यांच्या बायकोने त्याला जेवून जायचा आग्रह केला. तो थांबला नाही.

दोन महिन्यांनी वाऱ्याची दिशा फिरली आणि कुणी काही न करता पाणी एकतीसवर आलं. भाऊ तोवर बायको-मुलांना घेऊन दुसऱ्या गावी कामाला लागला होता. पाणीवाल्यांनी आकडा दोनदा तपासला, वहीत नीट लिहिला आणि पंपाकडे गेले.