प्रल्हादला गाडी येत नाही

प्रल्हाद घोरपडेला गाडी येत नाही, असं जगात एकाच माणसाचं मत होतं. पण तो माणूस म्हणजे त्याचे वडील, अण्णा. आणि अण्णांनी तेहेतीस वर्षं साताऱ्याहून घाटाघाटांतून एसटी हाकलेली. मग दाद मागायची कुणाकडे?

वास्तविक प्रल्हादने काय नाही चालवलं! कुकरीचा कोर्स करायला मेलबर्नला आला तेव्हा रात्रपाळीला टॅक्सी चालवली, पुढे डिलिव्हरी व्हॅन, मग ब्रेडच्या फॅक्टरीत लागल्यावर फोर्कलिफ्ट. शहराबाहेर क्रेगीबर्नला घर झालं, तसं अण्णांना हौसेने तीन महिने बोलावून घेतलं. अण्णा रोज त्याच्या शेजारी बसायचे आणि नसलेला ब्रेक पायाने दाबायचे. परत जाताना एअरपोर्टवर म्हणाले, "घर झकास आहे. सूनबाई गुणी आहे. गाडी मात्र तुला येत नाही."

हे त्याच्या मनाला फार लागलं होतं. म्हणूनच लॉकडाऊनमध्ये सगळं जग घरी केक भाजत असताना या पठ्ठ्याने एक जुनी, गियरवाली फोर-बाय-फोर विकत घेतली आणि दिवसरात्र डोंगरात गाड्या चढवण्याचे व्हिडिओ बघत बसला. त्याची बायको विनीता म्हणाली, "पाच किलोमीटरच्या बाहेर जायची परवानगी नाही, आणि हे निघाले हिमालयात!"

मग दोन हजार एकवीसचा मे आला. अण्णा कोविडने बावीस दिवस हॉस्पिटलात. विमानं बंद. प्रल्हाद फोन उशाशी घेऊन झोपायचा, म्हणजे झोपायचा नाहीच. अण्णा बरे होऊन घरी आले, रिपोर्ट चांगले आले, पण बोलेनात. कुणी काही विचारलं तर नुसतं "हूं", आणि तोंड भिंतीकडे.

"काल आमटीत मीठच नव्हतं रे," साताऱ्याहून थोरल्या बहिणीचा, नीलाताईचा फोन आला. "तरी गप्प जेवले! मला भीती वाटतेय प्रल्हाद. डॉक्टर म्हणतात, बोलतं करा. तू काहीतरी कर."

आता विमानाने सोळा तासांच्या अंतरावरून माणूस करणार काय? पण प्रल्हादच्या डोक्यात एक किडा वळवळला. जुलैत लॉकडाऊन जरा उठला होता आणि डोंगरांवर बर्फ पडला होता. बर्फाच्या घाटात गाडी चढवताना अण्णांना व्हिडिओ कॉलवर थेट दाखवायचं! एवढं बघून तरी तोंडातून शाबासकी निघेल.

रविवारी तो आणि त्याचे दोस्त, हृषिकेश आणि यतिन, दोन गाड्या घेऊन निघाले. हृषिकेश या खेळातला जुना खेळाडू. कच्चा रस्ता सुरू झाला तसा त्याने खाली उतरून आपल्या टायरांतली हवा निम्मी काढली.

"तुझीही काढ, मेट. बर्फात टायर पसरट लागतो."

"छे! टायर टाइट पाहिजे. अण्णांची शिकवण आहे."

"अण्णांनी बर्फ पाहिलाय का?"

"अण्णांनी घाट पाहिलेत," प्रल्हाद म्हणाला आणि ऐटीत पुढे निघाला. वरच्या वळणावर, जिथे मोबाइलला रेंज येते असं हृषिकेश म्हणाला होता, नेमका तिथेच त्याची गाडी रुतली. मागची चाकं गरागरा फिरायला लागली आणि गाडी इंचभर हलेना.

हृषिकेश दोर घेऊन आला. "बांध. दोन मिनिटांत ओढतो."

"वेडा आहेस का? साडेबारा वाजले. तिकडे सकाळचे आठ. ताई अण्णांना उठवून बसवतेय. दोराने ओढलेली गाडी दाखवू त्यांना?"

मग तिघांनी जे केलं ते चाळिशीच्या माणसांना शोभणारं नव्हतं. यतिन शेजारच्या सीटवर मोबाइल धरून बसला. त्याला सक्त ताकीद, फक्त माझा चेहरा घे. हृषिकेश बाहेरून एका हाताने गाडी गदागदा हलवणार आणि दुसऱ्या हाताने काचेवर बर्फ फेकणार. फोन लागला. पडद्यावर अण्णा दिसले. उशीला टेकलेले, गाल बसलेले.  प्रल्हादने स्टेअरिंग पकडलं आणि दणकून रेस दिली.

"चढतोय अण्णा! केवढा चढ आहे बघा! खाली दरी!"

हृषिकेशने बर्फाचा गोळा काचेवर हाणला. गाडी डुलली. अण्णा डोळे बारीक करून बघत होते. एक मिनिट गेलं, दोन गेली. प्रल्हाद ओरडून ओरडून घामाघूम झाला. "हे वळण घेतलं! आता दुसरं वळण!"

"प्रल्हाद," अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या खिडकीतलं ते झाड कधीपासून तुझ्याबरोबर चाललंय?"

यतिनच्या हातातून फोन पडता पडता राहिला.

"चाक जागेवर फिरतंय. आवाज मला कळत नाही होय रे? रेस कशाला देतोस गाढवा, खड्डा करतोयस! हवा किती आहे टायरात?"

"पस्तीस," प्रल्हाद पुटपुटला. "तुम्हीच म्हणायचात, टाइट—"

"ते डांबरावर! चिखलात एसटी रुतली तर आम्ही काय करायचो? उतर खाली. हवा काढ. चाकापुढचा बर्फ हाताने ओढ. आणि तो बाहेर माकडचेष्टा करणारा कोण आहे? त्याला आणि फोन धरणाऱ्याला, दोघांनाही मागे बसव, वजन येऊ दे चाकावर. स्टेअरिंग सरळ. दुसऱ्या गियरमध्ये हळू क्लच सोड. हळू! क्लच आहे तो, झुरळ नाही चिरडायला!"

अण्णांना मधे खोकला आला. नीलाताई पाणी घेऊन धावली, तर तिच्यावरच खेकसले, "बाजूला हो, दिसत नाहीये!"

तिसऱ्या प्रयत्नाला गाडी कण्हत कण्हत बाहेर आली. खिडकीतलं झाड एकदाचं मागे गेलं. मागे बसलेल्या दोघांनी आरोळी ठोकली. अण्णांनी दमून डोळे मिटले, श्वास घेतला आणि म्हणाले, "तुला गाडी येत नाही."

"नाही येत, अण्णा," प्रल्हाद म्हणाला. डोळ्यांतलं पाणी लपवायला त्याने मास्क पार डोळ्यांपर्यंत ओढला, तोही उलटा. पलीकडे नीलाताई पदर डोळ्यांना लावून हसत होती. तेवढ्यात तिला अण्णांनी विचारलं, "चहात साखर का नव्हती काल?"

ऑगस्टमध्ये पुन्हा लॉकडाऊन लागला. आता रोज दुपारी साडेबाराला, शिफ्ट नसेल तेव्हा, प्रल्हाद गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसतो आणि साताऱ्याला फोन लावतो. परवा विनीता कपडे घेऊन आत आली, तर हा काकुळतीने सांगत होता, "अण्णा, आज स्टार्टच होत नाहीये हो."

"अरे, सकाळी तर दूध आणलंस ना या गाडीतून?" विनीता म्हणाली. त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. किल्ली त्याच्या खिशातच होती.

"बॉनेट उघड आधी," फोनमधून अण्णा कडाडले. "आणि नीट ऐक."

प्रल्हाद उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं.