टोक नसलेली पट्टी

उभा जन्म दारं-खिडक्या करण्यात गेलेल्या त्या सुताराला सगळी गल्ली गुण्याकाका म्हणायची. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुतारांचं हत्यार, आणि काकांच्या हातात ते नसलं तरी डोळ्यांत असायचंच. कुणाकडे सांत्वनाला गेले तर आधी भिंतीवरचा तिरका फोटो सरळ करत, मग डोळे पुसत. एकदा दाढ दाखवायला दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांच्या कपाटाचं घासणारं दार नीट करून परत आले. दाढ तशीच ठणकत राहिली.

जगात जे काही आहे ते जरा सुधारायला हवं, ही त्यांची श्रद्धा. काम सुटल्यावर ती सगळी काकूंच्या वाट्याला आली. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लागले, पायपुसणं भिंतीला समांतर झालं, चपलांच्या जोड्या रांगेत उभ्या राहिल्या. काकूंनी हे सगळं सोसलं, कारण सोसण्याचा त्यांना सराव होता.

गेल्या वर्षी काकूंची आई गेली. मागे राहिले तिचे घरात घालायचे सुती गाऊन, धुऊन धुऊन मऊ झालेले. काकूंनी ठरवलं, यांची गोधडी करायची: दोन त्रिकोण जोडून एक चौकोन आणि तसे चौकोन साध्या चौकोनांच्या मध्ये बसवायचे. साधे चौकोन कापून झाले आणि काकूंचा खांदा धरला. मशीनवर बसता येई, पण कापायला हात उचलत नव्हता.

काकांनी बाह्या वर सारल्या. खरं तर सासूबाईंचं आणि त्यांचं कधी जमलं नव्हतं. त्या माउलीने जावयाला जन्मात आपल्या पलंगावर टेकू दिलं नाही. काका आंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून गेले तरी दारातच आवाज यायचा, "आधी बाहेर जाऊन भुसा झटकून या."

"कापायचं काम तुमचं," काकू म्हणाल्या. "पण फक्त कापायचं. सुधारायचं नाही. हे कापड पुन्हा मिळणार नाही."

"अगं, मी काय आज कापतोय?"

"तुम्ही लाकूड कापलंत. लाकूड दुकानात मिळतं."

मग काकूंनी खास या कामासाठी आणलेली पारदर्शक प्लॅस्टिकची त्रिकोणी पट्टी त्यांच्या हातात दिली. काकांनी ती उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. पट्टीचं टोकच नव्हतं. जिथे अणकुचीदार टोक असायला हवं तिथे सपाट छाटलेलं.

काका तडक दुकानात गेले. "तुटकी पट्टी दिलीत."

"काका, ती तशीच असते," दुकानदारीण म्हणाली आणि तिने खोक्यातल्या सगळ्या पट्ट्या समोर मांडल्या. एकीलाही टोक नव्हतं. काकांना त्या बिचारीची कीव आली. अख्खा मालच खराब आला होता आणि तिला पत्ताही नव्हता!

घरी येऊन त्यांनी प्लायवूडची पट्टी घडवली. टोक असं की त्याने काटा काढावा. काकू रोज सकाळी खांद्याच्या व्यायामाला दवाखान्यात जात, तेवढ्या वेळात काकांनी गाऊनचे पट्टे कापले, अगदी काकूंनी सांगितलेल्या रुंदीचे, आणि त्यांतून आपल्या पट्टीने त्रिकोण काढले. एकावर एक ठेवले तर एकच त्रिकोण आहे असं वाटावं. काका स्वतःवर बेहद्द खूश होते.

काकू शिवायला बसल्या. पहिला चौकोन तयार झाला, त्यांनी तो साध्या चौकोनाशेजारी ठेवला आणि थांबल्या. "हा लहान कसा?"

"तुझी शिवण जाड आली."

काकूंनी उसवून पुन्हा शिवलं. चौकोन लहानच.

"मशीनचं पाऊल हललंय," म्हणत काकांनी स्क्रू पिळला. तरी लहानच. "मग तुझे साधे चौकोनच मोठे आहेत."

प्लॅस्टिकची पट्टी आणून काकूंनी एका त्रिकोणावर ठेवली. पट्टी कापडाबाहेर आली. काकांनी मोजलं: तीन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारकामात तीन सूत चुकणाऱ्याला काका घरी पाठवत.

"ते टोक शिवणीतच जातं, म्हणून आधीच छाटलेलं असतं," काकू म्हणाल्या. "छाटल्यामुळे त्याच पट्ट्यात मोठा त्रिकोण बसतो. तुम्ही टोक लावलंत आणि त्रिकोण लहान झाला. उरलेलं कापड कुठाय?"

"उरलं नाही. सगळं कापलं."

काकू ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. काकूंनी निळ्या फुलांचा एक त्रिकोण उचलला, तळहाताने सरळ केला. "हा तिचा सकाळचा गाऊन," म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. मग मशीनवर झाकण ठेवून आत गेल्या.

काका तिथेच बसले. आयुष्यात पहिल्यांदा समोर वाकडं काही होतं आणि ते त्यांनीच केलेलं होतं. मापात कमी पडलेल्या दाराला लाकडाचं ठिगळ लावणाऱ्या सुतारांची त्यांनी जन्मभर टिंगल केली होती. बऱ्याच वेळाने ते उठले, कपाटाच्या तळातून आपले कामावरचे दोन जुने खाकी शर्ट काढले आणि काकूंसमोर ठेवले.

"यांचे सात सुतांचे पट्टे. चार सूत शिवणीत जातील, तीन उरतील. प्रत्येक लहान चौकोनाला लगतच्या दोन बाजूंनी लाव."

"ठिगळ?" काकूंनी वर पाहिलं. "तुम्ही म्हणताय?"

"ठिगळ," काका म्हणाले. दाढ उपटताना झाला नसता एवढा त्रास त्यांना तो शब्द काढताना झाला. "तू काप. मी नुसतं धरतो."

"माझा हात उचलतोय कुठे? तुम्हीच कापा. पण माझ्या पट्टीने."

काकांनी शर्टाचा खिसा उसवला आणि शिवणीतून चिमूटभर भुसा टेबलावर पडला. दोघांनी भुशाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. "देवा, किती वेळा धुतला असेल मी हा शर्ट! आई खोटं बोलत नव्हती," म्हणत काकू इतक्या हसल्या की दुखरा खांदा धरून त्यांना खाली बसावं लागलं.

गोधडी पुरी झाली तेव्हा काकूंनी ती पलंगावर अंथरली. सासूबाईंच्या प्रत्येक निळ्या फुलाला दोन बाजूंनी जावयाचा शर्ट चिकटलेला होता. शेवटची ओळ किंचित तिरकी गेली होती. काकांना ती दिसली, हात शिवशिवले, ते त्यांनी खिशात घातले.

"बघत काय उभे राहिलात? बसा," काकू म्हणाल्या.

काका पुढे झाले, मग थबकले. दाराबाहेर गेले, कपडे नीट झटकले, आणि परत येऊन पलंगाच्या कडेवर अलगद टेकले.