मागच्या दाराने

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहायला आलो, तेव्हा माझी आर्किटेक्चरची पदवी सुटकेसमध्ये साड्यांखाली होती आणि माझ्या व्हिसावर पगाराचं काम करायला बंदी होती. गणपतीत भेटलेल्या एका काकूंनी विचारलं, "तू दिवसभर घरात करतेस तरी काय?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात मी गावाबाहेरच्या एका जुन्या दगडी घरात फुकट काम करायला जाऊ लागले.

इंग्लंडहून आलेल्या एका शेतकऱ्याच्या कुटुंबाने ते दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. भिंती इतक्या जाड की खिडकीत मांडी घालून बसावं. दुमजली, ऐसपैस दिवाणखान्याचा भाग, आणि त्याच्या अंगाला चिकटलेलं बुटकं स्वयंपाकघर. गावाचा ठेवा म्हणून ते घर सांभाळणाऱ्या समितीच्या अध्यक्ष सत्तरीच्या, ताठ कण्याच्या बाई होत्या. त्यांच्या लेखी खरं घर म्हणजे दिवाणखाना. स्वयंपाकघर पुढे कुणा कुळाने कसंबसं जोडलेलं. येत्या वसंतात ते पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं ठरलं होतं.

मला काम होतं धूळ पुसायचं. मी जायची मात्र मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून. आमच्या नागपूरच्या घरी पुढचं दार पाहुण्यांसाठी होतं. घरोब्याच्या बायका मागून यायच्या आणि आईला हाक मारत थेट ओट्यापाशी पोचायच्या. बाईंनी मला दोनदा सांगितलं की पुढचं दार सगळ्यांसाठी उघडं असतं. त्यांना वाटलं, मी बिचकते. मी कसली बिचकते!

फेब्रुवारीत एकदा मागच्या दारापुढचा बर्फ काढताना पाठ भरून आली म्हणून भिंतीला टेकले. दोन्ही भाग जिथे जुळत होते, तिथे जमिनीपासून वरपर्यंत एक सरळ उभी रेघ गेलेली दिसली. रेघेच्या एका बाजूला मोठे घडीव दगड होते, एक लांब, एक आखूड, असे एकावर एक रचलेले. असे दगड गवंडी घराच्या कोपऱ्याला लावतो. भिंतीच्या मध्यावर त्यांचं काही काम नसतं. आणि ते होते स्वयंपाकघराच्या बाजूला. म्हणजे एके काळी घर तिथेच संपत होतं. स्वयंपाकघर आधीचं होतं, दिवाणखाना नंतर येऊन त्याला टेकला होता. मी फावडं टाकलं आणि एकटीच हसत सुटले.

नवरा म्हणाला, "अगं, तू व्हॉलंटिअर आहेस. त्यांच्याशी आर्ग्यू कशाला करतेस?" पण ऐकेन ती मी कसली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यांच्या आजोबांपासून सगळे दिवाणखानाच आधीचा मानत आले आहेत, आणि दगड काय, कसेही लागतात. पाडायला माणसं तीन आठवड्यांनी येणार होती. त्या रात्री मला रडू आलं. मला घराचं वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त स्वतःचं.

सकाळी उठून विचार केला. स्वयंपाकघर जर एकटं उभं होतं, तर त्याची ती बाजू एके काळी ऊनपाऊस खात होती. त्या भिंतीला वर, छपराखालच्या तिकोनात, माळ्यावर उजेड यावा म्हणून काहीतरी असणारच. भिंतीचा तो भाग आता दिवाणखान्याच्या वरच्या मजल्यावर, गिलावा न केलेल्या अडगळीच्या खोलीत होती. मी बाईंचा हात धरून त्यांना जिना चढवला. जुन्या पेट्या ओढून बाजूला केल्या आणि टॉर्च लावला. समोर विटांनी बुजवलेली छोटी खिडकी होती. खाली दगडी उंबरा, तोही बाहेरचं पाणी निथळावं म्हणून आमच्या बाजूला उतरता केलेला.

"घराच्या आत पावसासाठी उतार कोण देतं?" मी विचारलं.

हातच्या कांकणाला आरसा कशाला! बाई कितीतरी वेळ त्या उंबऱ्यावर हात फिरवत राहिल्या. खाली आल्यावर त्यांनी आधी पाडणाऱ्यांना फोन केला आणि काम कॅन्सल केलं. मग माझ्यासाठी चहा ठेवला.

मे महिन्यात घर पाहायला लोक आले. त्यांत त्या काकूही होत्या, मीच आग्रहाने बोलावलेल्या. सगळे सवयीने पुढच्या पायऱ्यांकडे वळले. बाईंनी त्यांना काठी उंचावून थांबवलं.

"घर त्या बाजूने सुरू होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या आर्किटेक्ट दाखवतील."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मी पदर खोचला, मंडळींना वळसा घालून मागे नेलं आणि स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं.