साखऱ्याच्या वाटेवरचा झरोका

हिंगोली सोडली तेव्हा मोंढ्यातल्या (धान्याच्या बाजारातल्या) हळदीचा वास आमच्या गाडीत येऊन बसला होता. गाडी म्हणजे एके काळची शाळेची व्हॅन. निवृत्तीनंतर मी ती विकत घेतली, आत दोन बाक, ओटा आणि गॅसची शेगडी बसवून घेतली आणि माझ्या मोठ्या बहिणीला, मालूताईला, घेऊन कोल्हापुरातून निघाले. उन्हं चढली की पत्रा तापायचा. छपरात मी हौसेनं एक पंखा बसवला होता, पण तो चालू असला तरी आत कोंदटच वाटायचं.

"जीव गुदमरतो गं आत," ताई आठ दिवस म्हणत होती. आणि मी आठ दिवस म्हणत होते, "वय झालं आता तुझं."

पुसेगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी, उघडी शेतं होती आणि मधेच कुठे हळद वाळत घातलेली पिवळीधमक खळी. साखऱ्याच्या अलीकडे बंजाऱ्यांच्या एका तांड्यापाशी लिंबाची सावली दिसली, तिथं थांबलो. पलीकडच्या शेतात यंत्रात हळद घोळून तिची सालं काढत होते, त्याची धूळ उडत होती. ताई म्हणाली, "धूळ येते, दार लावून घेते. चहा टाकते." मी पाय मोकळे करायला वाळवणाकडे गेले.

परत आले तर एक बाई माझ्या गाडीचं दार हिसके देऊन उघडत होती. आत ताई ओट्याला टेकून खाली बसली होती. चेहरा पांढराफटक, डोळे अर्धे मिटलेले. शेगडी चालूच होती. आम्ही दोघींनी तिला ओढत बाहेर सावलीत आणलं. त्या बाईनं तिच्या तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला.

"काचंतून दिसल्या मला," ती म्हणाली. "आत सैपाक करून राहिल्या, अन् दार काहून लावलं ओ?"

मी आत जाऊन शेगडी बंद केली.

बाईचं नाव सीताबाई. तिच्या पुतण्याच्या जीपनं आम्ही ताईला पुसेगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, ऑक्सिजन लावला, तासाभरानं तिचं डोकं हलकं झालं. "बंद गाडीत शेगडी पेटवायची नाही," ते मला बजावून म्हणाले. वाटेत ताई एवढंच बोलली, "उद्या मला हिंगोलीला रेल्वेत बसवून दे. मी घरी जाते."

आम्ही तांड्यावर परतलो. सीताबाईनं अंगणात बाज टाकली, बाटी (भाकरी) आणि लसणाची चटणी दिली. तिचे यजमान वसरामभाऊ हळद शिजवायच्या पत्र्याच्या टाक्या तयार करतात, दुरुस्त करतात. ते आमच्या गाडीभोवती फिरले, आत डोकावले, मग घरातून उदबत्ती घेऊन आले. दार-खिडक्या लावून त्यांनी पंखा सुरू केला आणि मला हाक मारली.

"बगा मॅडम."

उदबत्तीचा धूर वर गेला, छपराला लागून पसरला आणि पुन्हा आमच्याच तोंडाशी आला. बाहेर काही जाईना.

"तुमचा पंखा बाहीरची हवा आत ढकलून राहिला. आतली जाईन कुठून? अन् खाली तर येक बी भोक न्हाई." त्यांनी पायानं तळाचा पत्रा ठोकला. "खालून गार हवा आली पायजे, वरून गरम गेली पायजे. आमच्या चुलीला बी तसंच ऱ्हातं."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. तरी खाली भोक पाडायला गाडी कापायची म्हटल्यावर मी हात आडवा केला. जुना पत्रा, फाटत गेला तर?

"गंज कुठं हाये ते ठोकून समजतं," ते म्हणाले. "सायलेन्सर कोन्या अंगाला हाये?"

"उजव्या."

"मंग डाव्या अंगाला पाडू. न्हाई तर धूर आत येईन."

त्यांनी खडूनं वीतभर लांबीची चौकट आखली. छिन्नीचा पहिला घाव बसला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. सीताबाई हसली. "आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूख फिरायचे. तुमी तर सारं घरच घेऊन फिरून राहिल्या! घराला हवा नको व्हय?"

भोकाला आतून बारीक जाळी लागली, बाहेरून पाणी आत येऊ नये म्हणून तिरप्या पत्र्याच्या पट्ट्या. छपरातला पंखा काढून त्यांनी उलटा बसवला. काम संपेपर्यंत दिवस कलला होता.

सकाळी पुन्हा उदबत्ती पेटवली. या वेळी धूर झुकला, एका सरळ रेषेत वर गेला आणि पंख्यातून बाहेर पडला. मी बाहेर जाऊन छपराकडे पाहत उभी राहिले. तेवढ्यात ताई कुणाला न सांगता गाडीत चढली. तिनं दार लावून घेतलं आणि बाकावर बसली. पंधरा मिनिटं झाली. मी काचेवर टकटक करणार, तोच तिनं दार उघडलं.

"शेगडी बाहेर झाडाखाली मांडायची," ती म्हणाली. "आत नाही. कबूल?"

"कबूल."

"मग चल पुढं."

सीताबाईनं ताईच्या ओटीत ओली दोन हळकुंडं टाकली. ताईनं तिला "याडी" (आई) म्हणून हाक मारली. हा शब्द तिनं कधी उचलला, मला कळलंही नाही.

पुढे तीन आठवडे फिरून आम्ही कोल्हापूरला परतलो. ताईचा मुलगा संजय भेटायला आला, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं, बेशुद्ध पडल्याचंसुद्धा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चूक माझी. ती रोज सांगत होती, मी ऐकलंच नाही." जाताना तो गाडीखाली वाकून नवा झरोका पाहून आला.

प्रवासात नवी गावं, नवी माणसं दिसतात, असं मी मानत आले. शेजारच्या बाकावर बसलेलं माणूस मात्र मला महिनाभर नीट दिसलं नव्हतं. संजय गेल्यावर मी ताईला विचारलं, "तुला खरंच माझ्याबरोबर यायचं होतं का गं?"

ती कपडे घडी करत होती. "पहिले आठ दिवस नव्हतं," ती म्हणाली.

"आणि मग?"

"मग श्वास घेता यायला लागला."