सुनेची दहाची लाईन

माझी सून हट्टी आहे, हे मी लग्नातच ओळखलं होतं. पण तिचा हट्ट एक दिवस बोटाएवढ्या डबीवर येऊन बसेल, असं काही वाटलं नव्हतं.

ती पार्सलांच्या गोदामात ओझी उचलायची. मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली. गोदामातच नेटवर्कचं काम शिकायला मिळालं, तशी ती त्याच्या हात धुऊन मागे लागली. जुनी मॉड्यूलं ओट्यावर मांडून बसायची, त्यामुळे भाजी चिरता चिरता मीही शिकले. मॉड्यूल म्हणजे धातूची चपटी डबी. ती विजेच्या इशाऱ्यांचा उजेड करते, तो काचेच्या तारेतून पलीकडे जातो आणि तिथली डबी त्याची पुन्हा वीज करते. एक गिग वेगाची डबी आणि तिच्या दहापट वेगाची दहा गिगची डबी दिसायला सारख्याच. मी म्हटलं, खाचेत बसली म्हणजे चालली. तर म्हणे, नाही आई, दोन्ही टोकांचा वेग जुळावा लागतो, आणि ती ज्या खाचेत बसते त्या पोर्टलाही तो झेपावा लागतो.

नव्या सरकत्या पट्ट्याची जोडणी ही तिची परीक्षा होती. जमलं तर कायमची तंत्रज्ञ, नाहीतर पुन्हा ओझी. पट्ट्यावरचे कॅमेरे पार्सलांवरच्या पत्त्यांचे फोटो ऑफिसात पाठवणार होते आणि कुठलं पार्सल कुठे वळवायचं ते तिथून ठरणार होतं. तिने दोन्हीकडे दहाच्या डब्या बसवल्या. जोडणी झाल्याचा दिवा लागेना. तारेची टोकं पुसली, तार बदलली, डब्या बदलल्या. शेवटी उलगडा झाला, की ऑफिसातल्या जुन्या स्विचच्या, म्हणजे सगळ्या तारा जिथे येऊन जुळतात त्या पेटीच्या, पोर्टला एकाच्या वर झेपतच नाही. दोन्हीकडे एकाच्या डब्या घातल्या आणि हिरवा दिवा लागला.

गोदामाचे साहेब खूश झाले. सुनेने मात्र सगळे कॅमेरे एकदम चालू करून पाहिले. फोटो पोहोचेपर्यंत पार्सल पुढे जाऊन बाजूच्या ढिगात पडत होतं. तो ढीग तिच्या जुन्या मैत्रिणींना हातांनी उपसावा लागणार होता.

"दिवा लागलाय ना? काम झालं म्हण आणि मोकळी हो," साहेब म्हणाले.

"दिवा लागलाय, काम झालेलं नाही. नवा स्विच आणा, तोवर मी झालं म्हणणार नाही."

साहेबांनी पट्टा तसाच सुरू केला आणि तिला ढिगावर पाठवलं.

माझं डोकंच फिरलं. 'काम झालं' हे दोन शब्द बोलायला हिच्या बापाचं काय जात होतं? मी तोंडाला येईल ते बोलले. ती कमरेचा पट्टा आवळत ऐकून घ्यायची आणि कामावर जायची. पाठ दुखते का विचारलं, की नाही म्हणायची. रोज जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या दारात उभी राहून स्विच मागायची. ते दार लावून घ्यायला लागले, तर ही बाहेरून सांगायची. अखेर ढिगामुळे गाड्या खोळंबायला लागल्या आणि स्विच आला. बसवायला तिलाच बोलावलं.

त्या संध्याकाळी घरी आली, चप्पल काढायला वाकली आणि भिंतीला धरून तशीच राहिली.

"लाईन दहावर चालली. ढीग संपला," ती म्हणाली. "आई, पाठ फार दुखतेय हो. पहिल्या दिवसापासून दुखतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला जाऊ दिलं नसतंत."

खरंच नसतं दिलं. मला रडू आवरेना. मी खाली बसले आणि तिच्या पायातली चप्पल काढली.