सगळ्यांचाच अंगठा

अमेरिकेत उतरलो, तेव्हा विमानतळावर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत आमच्या पुढे असलेल्या सुटाबुटातल्या गृहस्थांनी ठसे घ्यायच्या यंत्राच्या काचेवर आधी चार बोटं टेकवली, मग अंगठा. आई बघतच राहिली. परदेशात चारचौघांत अंगठा द्यायची वेळ येऊ नये, म्हणून ती महिनाभर सही गिरवत होती.

“अगं, हे तर शिकलेले दिसतात!”

“इथं सगळ्यांचाच अंगठा घेतात, आई. माझाही.”

“तुझा? बी.कॉम. होऊन?” आणि ती अशी हसली, की अख्खी रांग वळून बघू लागली. मग तिने ऐटीत अंगठा टेकवला.

वसंतात परदेशी जायचं ते फुलं बघायला, असं सगळे म्हणतात. खरंच आहे, पान फुटायच्या आधीच चेरीची झाडं फुलांनी गच्च भरली होती. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून मी सांगते, माणसाने एकदा तरी इतकं लांब जावं, की जिथं सगळेच नवखे असतात. तिथं जुनी लाज टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी चेरीखाली आईने एका अनोळखी बाईला थांबवलं, तिच्या हातात माझा फोन दिला आणि खणखणीत मराठीत सांगितलं, “आम्हा मायलेकींचा काढा. झाड पण येऊ द्या.”