कावळ्यांची लेव्हल पन्नास

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. आणि ही फजिती नाशिकबाहेर जाऊ देऊ नका. नाशकात काय, आमच्या रेवाच्या कृपेने ती केव्हाच पसरली आहे!

रेवा म्हणजे माझी मुलगी, बंगळूरला नोकरी करते. सुनंदा, माझी बायको, गेली आणि आम्हा बापलेकीचे फोन फार लहान झाले. "जेवलास?" "जेवलो. तू?" "हो." संपलं. आधी सुनंदा मधे असायची. दोघांच्याही वाटचं तीच बोलून टाकायची.

मग रेवानेच मला तिच्या ऑनलाइन गेममध्ये ओढलं. "रविवारी सकाळी आम्ही खेळतो, बाबा. तूही ये. तेवढंच बोलणं होईल."

टोळीत तिघं. रेवा, तिचा शाळेपासूनचा मित्र सार्थक, तो इथेच ओझरला कारखान्यात असतो, आणि मी. प्रत्येकाने एकेक कौशल्य शिकायचं. सार्थकची तलवार, रेवाचे मंत्र.

"बाबा, तू काय घेणार?"

"स्वयंपाक."

कारण मी फक्त तिलाच सांगितलं होतं.

त्याचं असं झालं, की दहाव्याला रामकुंडावर सुनंदाच्या पिंडाला कावळा शिवेना. पंचवटीत कावळ्यांना तोटा आहे का? पण येत, बघत आणि उडून जात. माझी बहीण विजूताई एकेक आश्वासन देत होती. "रेवाचं सगळं नीट करू गं." कावळा ढिम्म. "कुंड्यांना रोज पाणी घालू." ढिम्म! गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी मनातल्या मनात म्हणालो, "सुनंदा, मी स्वयंपाक शिकेन."

झपकन आला की हो! विजूताईला आजही वाटतं, कुंड्यांमुळे आला.

तर, शब्द दिलेला. प्रत्यक्षात मात्र डबा सुरू, आणि गॅसशी माझा संबंध चहापुरता. म्हटलं, गेममध्ये तरी सुरुवात करू.

पण धास्ती बसली ती रेवाने बेत सांगितल्यावर. येत्या रविवारी अजगराच्या गुहेत जायचं. अजगर झोपलेला असताना हळूच शिरायचं, आणि जखमा झाल्या की माझ्या हातचं खाऊन ताकद भरून काढायची. म्हणजे सगळा भार स्वयंपाक्यावर! मला वाटलं, इथे आपण कमी पडलो तर ही मुलं तोंडावर काही बोलणार नाहीत. पुढच्या रविवारी फक्त बोलावणार नाहीत. मग पुन्हा आपलं "जेवलास?" "जेवलो."

"घाबरू नकोस," रेवा म्हणाली. "एकदम शिखराकडे बघायचं नाही. आज एक पदार्थ, उद्या नवा. छोटं ध्येय ठेव. आकडा वाढताना दिसला की आपोआप हुरूप येतो."

यातलं माझ्या डोक्यात शिरलं फक्त शेवटचं वाक्य.

पहिल्या दिवशी गेममध्ये पेज केली. जमली! समोर धुराड्यावर एक कावळा बसलेला. आता मला सांगा, नाशिकचा माणूस, पहिल्यांदा रांधलेलं अन्न आणि समोर कावळा. तुम्ही काय केलं असतंत? मी वाडगा कट्ट्यावर ठेवला, माउस सोडला आणि चक्क हात जोडले.

कावळा आला आणि लगेच खायला लागला! टण्ण करून आवाज झाला आणि कोपऱ्यातला एक आकडा वाढला.

काय सांगू! रामकुंडावर केवढी वाट बघायला लावली होती, आणि इथे एका हाकेत. सुनंदाला पेज पसंत पडली, मला त्या स्क्रीनवर स्वच्छ दिसलं.

मग रोज तेच. ऑफिसातून आलो की लॅपटॉप, पेज, कावळा, टण्ण. दुसरा पदार्थ कशाला करू? पसंत पडलेला बदलून धोका कोण घेईल? कावळे वाढत गेले, आकडा वाढत गेला. मी ध्येय ठेवलं, रविवारपर्यंत पन्नास.

"आकडा वाढतोय ना, बाबा?"

"झपाट्याने!"

"बघ, मी म्हणाले नव्हते?"

रविवारी सकाळी हेडफोन लावला तेव्हा धास्ती होतीच. पण कोपऱ्यात पन्नास दिसत होते. गुहेच्या तोंडाशी सार्थक कुजबुजला, "काका, आता अजिबात आवाज नाही. तो उठला की आपण संपलो."

मी तर श्वाससुद्धा रोखला. घरात, खुर्चीवर बसून.

दहा पावलं गेलो नसू, मागून आवाज. काव.

"काका, हे काय?"

काव, काव, काव!

"काका, ही कोणाची वरात आणलीत? अख्खं आभाळ काळं झालंय मागे!"

"ते... आपलेच आहेत," मी म्हणालो.

"आपलेच म्हणजे?"

अजगराने एक डोळा उघडला. मग दुसरा. पुढचं विचारू नका. सार्थकची तलवार कुठे, सार्थक कुठे!

"बाबा, खायला दे! लवकर!"

पिशवी उघडली. पेजेचा एक वाडगा शिल्लक. तो रेवापुढे ठेवतोय तोवर एक कावळा झेपावला आणि टण्ण. एक्कावन्न.

तिघंही आडवे झालो. स्क्रीन काळी. सार्थकने थंडपणे विचारलं, "काका, तुमची स्वयंपाकाची लेव्हल किती?"

"पन्नास. आत्ता एक्कावन्न झाली."

"काका, ती पक्षिमैत्रीची आहे. स्वयंपाक दोन आहे. तोच तो पदार्थ करून वाढत नसतो हो!"

गेलं, म्हटलं, आपलं रविवारचं खातं बंद. तेवढ्यात रेवाचा आवाज आला. आधी वाटलं रडतेय. हसत होती! सुनंदा गेल्यापासून तिला इतकं हसताना ऐकलं नव्हतं.

"बाबा, तू आईला कुठला स्वयंपाक शिकेन म्हणाला होतास? गेममधला?"

मी उगाच हेडफोन नीट करायला लागलो.

"मग नवं ध्येय घे. पुढच्या रविवारपर्यंत एक पिठलं. खरं. गॅसवर. व्हिडिओ कॉल लावून कर, मी बघणार."

म्हणजे पुढचा रविवार होता तर! मी एवढंच ऐकलं.

केलं पिठलं. गुठळ्या झाल्या, खाली लागलं, पण झालं. रेवा फोनमधून बघत असताना पहिला घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि लांब उभा राहिलो.

कावळा आला. अगदी लगेच आला. रेवा ओरडली, "बाबा, शिवला!"

शिवला, खरंच शिवला. घासात एकदा चोच घातली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं, आणि कठड्यावर इकडून तिकडून घासून घासून चोच स्वच्छ पुसली.